दोनशे चौदाच्या पुढे

शांतवनमामांचा नम्रपणा मंडळीत सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो ठाऊक राहावा याची काळजी मामा स्वतःच घेत. चर्चमध्ये ते कधी पुढच्या बाकावर बसले नाहीत. नाताळच्या जेवणात शेवटच्या पंगतीला बसायचे, तेही दोन तास वाढून झाल्यावर. कोणी वर बसायचा आग्रह केलाच तर 'आम्ही काय, सेवक माणसं' म्हणून मान अशी काही खाली घालायचे की आग्रह करणाराच ओशाळायचा. नाशकातल्या एका शाळेत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे घंटा, किल्ल्या आणि झाडलोट ही कामं त्यांच्याकडे आपसूक आली होती.

पवित्र गुरुवार हा त्यांचा खास दिवस. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. बावीस वर्षं त्या पाण्याची पितळी परात मामांच्या हातात होती. पाळकसाहेबांच्या मागून ते परात धरून गुडघ्यांवर सरकत जायचे आणि बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता खरं सांगायचं तर त्या परातीत बावीस वर्षांत एकही मळका पाय पडला नव्हता. ज्यांची नावं निघत ते बारा जण घरून वजरीने टाचा घासून, नखं कापून यायचे. तरीही मामा बाहेरच्या नळापाशी बादली आणि तांब्या घेऊन उभे. 'एकदा पाणी घ्या पायांवर, पाळकसाहेबांचा पंचा पांढरा आहे.' म्हणजे धुतलेले पाय पुन्हा धुऊन मग धुवायला न्यायचे. यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही, मामांना तर नाहीच. आणि स्वतः मामा त्या बारांत कधी बसले नाहीत. तीनदा नाव निघालं, तीनदा त्यांनी ते दुसऱ्याला देऊन टाकलं.

त्यांचा धाकटा भाऊ दिनेश लासलगावला असायचा. कांद्याची पिकअप चालवायचा, मार्केटच्या मागे एका खोलीत राहायचा आणि प्यायचा. चौदा वर्षांपूर्वी त्यांची आई नवसाबाई गेली, तेव्हा स्मरणाच्या उपासनेला तो पिऊन आला आणि भर चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या मेजाजवळ ओकला. मामांनी नवा सदरा अंगात असताना खाली बसून ते स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. दिनेशची अब्रू त्या दिवशी गेली ती गेलीच, पण मामांची मात्र वाढली. त्यानंतर दर बुधवारी प्रार्थनासभेत मामा उभे राहून म्हणत, 'माझ्या भावासाठी प्रार्थना करा.' दिनेश सुधारला असता तर त्यांना आनंदच झाला असता, पण मग बुधवारी उभं राहून मागायचं काय, हा प्रश्न पडला असता.

निवृत्तीच्या वर्षीच मामांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मूलबाळ नाही. बायको आशा, पण तिला साखर, त्यामुळे तिची किडनी चालेना. मंगळवार-शनिवार डायलिसिस सुरू झालं. आणि एक दिवस दिनेश दारात येऊन उभा राहिला. चप्पल काढायची की नाही हे न कळून तिथेच घुटमळत म्हणाला, "दादा, माझी घे. आपला रक्तगट एकच हाय."

डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, आधी सहा महिने दारू सोडून दाखवा, मग बोलू. दिनेशने सोडली. कशी सोडली ते त्याचं त्याला ठाऊक. दर पंधरा दिवसांनी पहाटेची एसटी धरून तो रक्त द्यायला नाशकात यायचा आणि रिपोर्ट एका निळ्या फाइलीत लावायचा. सात महिन्यांनी सगळं जुळलं. लिव्हर ठीक, किडन्या उत्तम. आता फक्त मामांची सही हवी होती.

घोडं अडलं ते इथे. मामांना मरायची हौस नव्हती. पण ज्या भावासाठी बारा वर्षं लोकांपुढे उभं राहून मागितलं, त्याच भावाचं आता देणं लागायचं, त्याच्या जिवावर जगायचं आणि त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही तरी रोज मनात ठेवायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. अर्थात, स्वतःशी त्यांनी ते असं कबूल केलं नाही. त्यांनी त्याला त्याग म्हटलं. दुसऱ्याच रविवारी, साक्ष द्यायच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगायच्या वेळी, ते उभे राहिले.

"माझ्यासाठी एकाने रक्त सांडलं आहे. मला तेवढं पुरे. या मातीच्या देहासाठी मी दुसऱ्या कोणाला कापू देणार नाही. प्रभू नेईल तेव्हा जाईन."

हालेलुया झाला. बायका रडल्या. शेवटच्या बाकावर दिनेश बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर निळी फाइल ठेवून. दादांनंतर आपणही उभं राहून चार शब्द बोलायचे असं त्याने आशाला येताना सांगितलं होतं. तो हळूच उठला, बाकाचा आवाज होऊ न देता बाहेर पडला.

"मला तरी आधी सांगायचं," घरी आल्यावर आशा म्हणाली.

"आतून आलं ते," मामा म्हणाले.

आतून काय आलं होतं ते आशाला बरोबर कळलं, पण ती ताटं वाढायला उठली. दोनशे माणसांपुढे, देवाच्या घरात दिलेली साक्ष मागे घेता येत नाही. नंतर एकदोनदा मामांच्या मनात आलंसुद्धा. शनिवारी मशिनवर पडल्यावर, रक्त नळीतून बाहेर जाताना बघत असताना, आपण चुकलो की काय असं वाटायचं. पण रविवारी कोणीतरी हात हातात घेऊन 'मामा, तुमची साक्ष विसरत नाही' म्हणायचं आणि ते वाटणं तिथेच विरायचं. डायलिसिसच्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी नवा फॉर्म भरत. त्यात 'दाता' असा रकाना होता. मामा तिथे 'घेणार नाही' असं लिहायला लावत. 'दाता नाही' असं लिहू देत नसत.

दिनेश त्याच रविवारी संध्याकाळी प्यायला, आणि मग मागची सगळी भरपाई केल्यासारखा पीत राहिला. दोन वर्षांनी, या जानेवारीत, त्याला नाशकात दवाखान्यात आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते आणि पोट फुगलं होतं. 'लिव्हरला सूज आहे, दारू बंद करा,' असं त्याला सांगितलं. मामांना डॉक्टरांनी बाहेर बोलावून खरं सांगितलं. लिव्हर संपलं आहे. महिने आहेत, वर्षं नाहीत. मामा घरी आले आणि बुधवारी नेहमीसारखे प्रार्थनेला उभे राहिले. फक्त त्या दिवशी त्यांचा आवाज फुटेना. लोकांना वाटलं, आजारपणाने.

पवित्र गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर नव्या पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं. हे पाळक पस्तिशीचे, कळवणकडून बदलून आलेले, बोलायला सरळ.

"मामा, यंदा तुम्ही बारांत बसा. परात मी दुसऱ्याकडे देतो."

"नको साहेब. माझी जागा खालीच बरी."

"पाय धुणं सोपं असतं हो," पाळक म्हणाले. "पुढे करणं अवघड. त्या रात्री एक शिष्य नको म्हणाला होता. माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत, म्हणाला. त्याला काय उत्तर मिळालं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल."

मामांना पाठ होतं. लहानपणापासून होतं. मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याशी काही संबंध नाही, असं प्रभूने त्याला सांगितलं होतं. ते वचन मामांनी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी ते त्या शिष्याबद्दल होतं. या वेळी ते घरापर्यंत त्यांच्या मागे आलं. शेवटच्या बाकावरून आवाज न करता उठून गेलेला माणूस त्यांना दिसायला लागला. जेवताना दिसला, मंगळवारी मशिनवर दिसला. दोन वर्षं ज्याला आपण त्याग म्हणत होतो तो नुसता ताठा होता, आणि त्या ताठ्याने भावाला आणि आपल्यालाही मरणाला लावलं होतं, हे त्यांना साफ दिसलं.

गुरुवारी दुपारी त्यांनी पितळी परात आणि पंचा पिशवीत घातला.

"कुठे निघालात?" आशाने विचारलं. "संध्याकाळी चर्च आहे."

"लासलगावला. दिनेशचे पाय धुतो. परात तिथे लागेल, पाळकसाहेबांना स्टीलची दे."

आशाने फळीवरून स्टीलची परात काढली. मग म्हणाली, "पाणी जास्त पिऊ नका वाटेत." डायलिसिसवाल्याला दिवसाला लिटरभरच पाणी.

निफाड मागे पडेपर्यंत मामांचे ओठ सुकले. लासलगावला उतरले तेव्हा उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि धुळीत कांद्याची फोलपटं उडत होती. चपलेतून सुजलेले पाय बाहेर येत होते. मार्केटमागच्या खोलीपर्यंत जायला त्यांना अर्धा तास लागला. घरमालकीण मैनाबाई ओट्यावर बसली होती. "बरं झालं आले, बाबा," ती म्हणाली. "तो नाय खात काय. नुसतं पितो अन् पडतो."

दिनेश खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. माणूस नव्हे, एक पोट आणि दोन पिवळे डोळे. खोलीत वास होता. मामांनी मंडळीतल्या रीतीने सलाम केला, परात खाली ठेवली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तिच्यात ओतलं, पंचा कमरेला गुंडाळला आणि गुडघे टेकले. दिनेश सगळं बघत होता. मग त्याने दोन्ही पाय वर ओढून घेतले.

"आता हे काय?"

"तुझे पाय धुतो. मी चुकलो, दिनेश."

"तू लय धुतलंस, दादा." तो रागावला नव्हता, नुसता दमला होता. "माझी ओकारी पुसलीस, सगळ्यांच्या देखत. बुधवार-बुधवार माझं नाव घेतलंस. आता मरताना पाय पण तूच धुणार. मला कधी तुझं काय करू दिलं का?"

मामांनी परात थोडी मागे ओढली.

"दोनशे चौदा दिवस," दिनेश म्हणाला. "एक थेंब नाय. हात एवढे कापायचे की स्टेअरिंग धरता येईना, मालकाने गाडी काढून घेतली. म्हटलं, जाऊ दे. माझ्याकडं आयुष्यात एकच गोष्ट अशी होती की कुणाच्या उपयोगाला येईल. ती पण तुला नको झाली." त्याने डोकं भिंतीला टेकलं. "नको झाली तर झाली. पण मला सांगायचं होतं, दादा. लोकांना सांगितलंस."

मामा उठले. उठायला त्यांना खाटेचा आधार घ्यावा लागला. कमरेचा पंचा सोडून त्यांनी दिनेशच्या मांडीवर ठेवला, त्याच्या शेजारी खाटेवर बसले, चपला काढल्या आणि स्वतःचे पाय परातीत ठेवले. काळे, फुगलेले, धुळीने भरलेले पाय. बोटांत कांद्याचं फोलपट अडकलं होतं.

दिनेशने पंचा उचलून खांद्यावर टाकला. मग पोट सांभाळत, भिंत धरत खाली उतरला. ओंजळीतलं निम्मं पाणी बाहेर सांडत होतं. त्याने टाच धुतली, बोटं एकेक करून धुतली. पाणी गढूळ झालं. आपल्या अंगाला आईनंतर असा कोणी हात लावला नव्हता, हे मामांच्या लक्षात आलं आणि त्यांना रडू आवरेना. लाज वाटत होती, आणि ती लाज वाटू देण्यावाचून इलाज नव्हता. पाय पुसून पंचा काळा झाला.

"दिनेश," मामा म्हणाले, "तेव्हा देत होतास ते देशील का?"

दिनेशने मान वर केली. "किडनी?"

"हो. मला पाहिजे."

"अजून चालंल?"

मामांना जानेवारीतला डॉक्टर आठवला. आयुष्यात ते क्वचितच खोटं बोलले होते.

"चालेल," ते म्हणाले. "दारू तेवढी बंद पाहिजे."

दिनेशने उशीखाली हात घातला. निळी फाइल तिथेच होती, कोपरे झिजलेली. तिच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने पेनाने आकडे लिहिले होते, अगदी बारीक, एकापासून दोनशे चौदापर्यंत. त्याने मैनाबाईला हाक मारून पेन मागून घेतलं.

"पुन्हा एकपासून नाय धरत," तो म्हणाला. "दोनशे चौदाच्या पुढं धरतो." आणि वाकड्या हाताने त्याने दोनशे पंधरा लिहिलं.

मामांनी त्याला नाशकात चल म्हणून खूप सांगितलं. ऑपरेशनची तारीख आली की येतो, त्याच्या आधी तुझ्या घरात आजारी पडायला येत नाही, असं तो म्हणाला. त्यानंतर मामा दर दोन दिवसांनी लासलगावला जात. दर वेळी तो विचारी, "तारीख मिळाली?" आणि मामा सांगत, "कागद गेलेत वर." डॉक्टर येऊन बघून गेला, करण्यासारखं काही नव्हतं. मैनाबाई सांगायची की रात्री अंगाची आग होते, कापतो, पण खोकल्याचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय घेत नाही. दादाचा माल आहे, खराब होईल, म्हणतो.

तो सोमवारी गेला. पुठ्ठ्यावर शेवटचा आकडा दोनशे तेहतीस होता.

मंगळवारी नाशकात माती झाली. मामांनी त्या दिवशीचं डायलिसिस चुकवलं. चर्चमध्ये शवपेटी समोर ठेवली होती, मंडळी बरीच आली होती, मुख्यतः मामांसाठी. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मामा उठले आणि पहिल्यांदाच पुढे जाऊन उभे राहिले. श्वास पुरत नव्हता.

"माझा भाऊ मला वाचवणार होता," ते म्हणाले. "त्यासाठी त्याने दारू सोडली होती. मी नको म्हणालो. इथेच, तुमच्यापुढे म्हणालो. तो त्याग नव्हता. मला त्याच्या हातून काही घ्यायचं नव्हतं. तो दारूने मेला नाही, माझ्यामुळे मेला. ती साक्ष खोटी होती."

मागून कोणीतरी हुंदका दिला. मग दुसरं कोणी. एक म्हातारी मोठ्याने 'प्रभूची स्तुती असो' म्हणाली आणि चारदोन जणांनी आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर लोक एकेक करून मामांचा हात धरत होते. "दारुड्या भावाचा दोषसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतला," एक बाई आशाला डोळे पुसत सांगत होती. "इतका नम्र माणूस मी पाहिला नाही." मामा ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण आता ते जे काही म्हणतील त्याचंही हेच होणार, हे त्यांच्या लक्षात आलं. फक्त पाळकसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

बुधवारी मामा मशिनवर गेले. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते. सुया लावून झाल्यावर नवी आलेली मुलगी फॉर्म घेऊन बसली. नाव, वय, पत्ता.

"दाता?" तिने विचारलं. "इथे मागे 'घेणार नाही' असं लिहिलंय. तेच ठेवू?"

"नको," मामा म्हणाले. "भाऊ लिही. दिनेश. देतो म्हणालाय."

"आणि तुमची संमती?"

"आहे," मामा म्हणाले, आणि तिने तसं लिहून घेतलं.